विश्लेषण : रोमचं साम्राज्य ढासळलं, तेव्हा जुन्नर-आंबेगावात काय घडलं?

आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते हुतात्मा बाबू गेनू सैद यांचं गाव म्हणून. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडानं भरलेला ट्रक अडवण्यासाठी हा गिरणी कामगार रस्त्यात आडवा झाला आणि चाकाखाली गेला. बाहेरचं कापड आपल्या बाजारात येतं आणि आपला पैसा बाहेर जातो, हा तेव्हाचा राग होता.

हाच राग साडेअठराशे वर्षांपूर्वी एका रोमन अधिकाऱ्यानं कागदावर उतरवला होता. फक्त दिशा उलटी होती. थोरला प्लिनी या लेखकाची तक्रार अशी, की भारत दरवर्षी रोमन साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्स ओढून घेतो आणि बदल्यात देतो काय, तर चैनीचा माल. या मालात मिरी होती, मोती होते, हस्तिदंत होतं आणि तलम सुती कापडही होतं. या व्यापारातला एक मोठा रस्ता बाबू गेनूंच्या गावाशेजारच्या तालुक्यातून, म्हणजे जुन्नरमधून जात होता.

शाळेच्या पुस्तकात पुढचं एका ओळीत संपतं : इ.स. ४७६ मध्ये पश्चिम रोमन साम्राज्य कोसळलं आणि युरोपात मध्ययुग सुरू झालं. पण ज्या बाजारपेठा रोमच्या पैशावर वाढल्या होत्या, त्यांचं काय झालं? कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत या प्रश्नाचं उत्तर दगडावर कोरलेलं आहे. निदान अर्धं उत्तर तरी नक्कीच. उरलेलं अर्धं तांब्याच्या पत्र्यांवर आहे.

जुन्नर एवढं महत्त्वाचं का होतं?

नकाशा उघडून पाहिला तर लगेच कळतं. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल देशावर न्यायचा तर मध्ये सह्याद्रीची भिंत. ती ओलांडायच्या मोजक्या वाटांपैकी एक नाणेघाट. घाट चढून आलं की पहिलं मोठं शहर जुन्नर. तिथून नेवासे आणि पुढे सातवाहनांची राजधानी पैठण. घाटमाथ्यावर सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि हजारो कार्षापणांची यादी आहे. शेजारी दगडी रांजण आहे. जकात त्यात टाकत असत, असं परिसरात सांगितलं जातं.

शहराच्या भोवती शिवनेरी, तुळजा, मानमोडी आणि लेण्याद्रीच्या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत. देशात एकाच गावाभोवती इतकी लेणी क्वचितच सापडतील. ती राजांनी खोदवलेली नाहीत. पैसे दिले ते बहुतेक व्यापाऱ्यांनी, कारागिरांनी आणि त्यांच्या संघटनांनी. लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या एका हेरणिकाच्या, म्हणजे सोनार किंवा खजिनदाराच्या, मुलानं दिलं. त्याचं नाव सुलसदत्त. सात खोल्यांचं एक लेणं आणि पाण्याचं टाकं धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं दिलं. श्रेणी म्हणजे त्या काळची व्यावसायिकांची संघटना : थोडी सहकारी संस्था, थोडी पतपेढी.

पतपेढी हा शब्द इथे गंमत म्हणून वापरलेला नाही. जुन्नरच्या एका लेखात बांबूचं काम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. अदुथुम नावाच्या एका शकानं वडालिका नावाच्या गावातली २० निवर्तनं जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि कटपुतक गावातली ९ निवर्तनं वडाच्या झाडांसाठी लावून दिली. नाशिकच्या पांडवलेण्यांत तर व्याजदरही लिहिलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं ३ हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २ हजारांवर दरमहा शेकडा १ आणि १ हजारावर दरमहा शेकडा पाऊण असं व्याज. मुद्दल कायम राहणार आणि व्याजातून २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापणांचं वस्त्र मिळणार. मुदत ठेवीच्या पावतीत जे असतं ते सगळं यात आहे.

या सगळ्याखाली एक गृहीतक होतं : विणकराचं कापड विकलं जाणार आणि रोख पैसा फिरत राहणार. कापड कुठे विकलं जात होतं, हे एका ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेतून कळतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या पुस्तकात भडोच, कल्याण, पैठण आणि तेर यांची नावं येतात. तेरहून भरपूर साधं आणि तलमही कापड भडोचला जातं, असं त्यात आहे. तिकडून येणाऱ्या मालात इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच आणि सोन्या-चांदीची नाणी. राजासाठी चांदीची भांडी आणि उंची मद्य वेगळं. आज नारायणगाव-जुन्नरची द्राक्षं युरोपात जातात. तेव्हा युरोपची द्राक्षं दारूच्या रूपानं इकडे येत होती.

रोमन लोक खरंच इथे आले होते का?

‘यवन’ आले होते, एवढं दगड सांगतो. जुन्नरच्या तीन लेखांत दान देणारे स्वतःला यवन म्हणवतात. इरिल नावाच्या यवनानं दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनानं संघासाठी भोजनमंडप दिला आणि चंद नावाच्या तिसऱ्यानं गर्भद्वार दिलं. यवन म्हणजे मूळचे ग्रीक. पुढे हा शब्द पश्चिमेकडून आलेल्या कोणाहीसाठी सैलपणे वापरला जाऊ लागला. त्यामुळे हे तिघे अलेक्झांड्रियाचे होते की दोन पिढ्या इथेच वाढलेले, ते नावावरून ठरत नाही.

पण इरिल आणि चिट यांच्या नावापुढे आणखी एक शब्द आहे : ‘गतान’, म्हणजे ‘गतांचा’. नॉर्वेचे संस्कृत पंडित स्टेन कोनो यांनी १९१२ मध्ये सुचवलं की हे गत म्हणजे गॉथ. होय, तेच गॉथ, ज्यांनी इ.स. ४१० मध्ये रोम शहर लुटलं. कल्पना इतकी मोहक आहे की आजही ती अधूनमधून समाजमाध्यमांवर ‘जुन्नरमध्ये जर्मन’ अशा मथळ्यानं फिरते. तिचा आधार मात्र केवळ नावाच्या साम्याचा. ज्या काळातले हे लेख आहेत, त्या काळात गॉथ बाल्टिक समुद्राच्या बाजूला होते. तिथला एखादा माणूस जुन्नरला येऊन प्राकृतात लेख कोरून घेतो, हे मानायला एका शब्दापेक्षा जास्त पुरावा लागेल.

गॉथांचा आणि भारताचा खरा संबंध वेगळ्याच ठिकाणी सापडतो. इ.स. ४०८ मध्ये त्यांच्या अलॅरिक राजानं रोमला वेढा घातला आणि वेढा उठवण्यासाठी खंडणी मागितली : ५ हजार पौंड सोनं, ३० हजार पौंड चांदी, ४ हजार रेशमी अंगरखे आणि ३ हजार पौंड मिरी. ही मिरी येणार कुठून, तर मलबारहून. म्हणजे रोम शेवटच्या घटका मोजत असतानाही भारतातला माल तिथल्या गोदामांत होता. व्यापार एका दिवशी बंद पडला, ही समजूत इथेच डळमळते.

मग बिघडलं काय?

बिघाड ४७६ च्या बराच आधी सुरू झाला होता आणि त्याची सुरुवात नाण्यात होती. ऑगस्टस बादशहाच्या काळात रोमन दिनारात जवळपास शुद्ध चांदी होती. इ.स. ६४ मध्ये नीरोनं ती कमी केली. नंतर सैन्याचा खर्च वाढत गेला तशी प्रत्येक पिढीत भेसळ वाढली. इ.स. २३५ ते २८४ या पन्नास वर्षांत सिंहासनासाठी सतत मारामाऱ्या झाल्या. या काळात चांदीच्या म्हणवल्या जाणाऱ्या नाण्यातली चांदी ५ टक्क्यांच्याही खाली गेली. वर मुलामा, आत तांबं. ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांतही हे दिसतं. रोमन चांदीच्या भट्ट्यांतून उडालेलं शिसं तिथे साठलं आहे आणि ते कधी वाढलं, कधी घटलं हे शास्त्रज्ञांनी थर मोजून काढलं आहे.

परदेशी गिऱ्हाइकाचा पैसाच खोटा निघू लागल्यावर व्यापाऱ्यानं काय करायचं?

इकडेही सगळं आलबेल नव्हतं. भडोच आणि कल्याण यांच्यात शकांची आणि सातवाहनांची ओढाताण आधीपासून होती. पेरिप्लसमध्येच नोंद आहे, की कल्याणला चुकून उतरलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. आजच्या भाषेत बंदराची नाकेबंदी. जुन्नर तर प्रत्यक्ष शकांच्या ताब्यात होतं. मानमोडीच्या डोंगरात नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा दानलेख आहे. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाला संपवलं. नाशिकजवळ जोगलटेंभी इथे १९०६ मध्ये सापडलेल्या १३ हजारांहून अधिक नाण्यांच्या साठ्यात नहपानाच्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्रानं स्वतःचा ठसा मारलेला आहे. एवढी चांदी तेव्हा नाशिक-जुन्नरच्या पट्ट्यात फिरत होती.

इ.स. २२५-३० च्या सुमारास सातवाहनांची सत्ता संपली. म्हणजे रोमची अडचण आणि महाराष्ट्राची राजकीय पडझड एकाच पिढीत आली. यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, यावर इतिहासकारांत वाद आहे. बाजार बसला म्हणून राज्य गेलं की राज्य गेलं म्हणून बाजार बसला? बहुधा दोन्ही एकमेकांना ओढत खाली गेले.

या मोडतोडीतला एक लेख मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. सातवाहनांनंतर नाशिकच्या भागात आभीर राजा ईश्वरसेन आला. त्याच्या ९ व्या वर्षात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेनं आजारी भिक्खूंच्या औषधांसाठी ठेव ठेवली. ठेव घेणाऱ्यांत कुंभार होते, तेली होते आणि ‘ओदयंत्रिक’ होते, म्हणजे पाण्याची यंत्रं करणारे. तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे यंत्र करणाऱ्यांची संघटना होती आणि लोक तिच्यावर पैशासाठी विश्वास ठेवत होते.

त्यानंतर हे आवाज विरत जातात. जुन्नरला नवी लेणी कोरण्याचं काम तिसऱ्या शतकानंतर जवळपास थांबलं. पाचव्या-सहाव्या शतकात अजिंठा, कान्हेरी इथे बुद्धमूर्तींनी भरलेली लेणी घडली, तशी जुन्नरला घडली नाहीत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवाशात ह. धी. सांकळिया यांच्या पथकानं १९५४ पासून उत्खनन केलं. तिथे रोमन व्यापाराच्या काळाचा भरगच्च थर आहे. त्यावर थेट मुस्लीम-मराठा काळाचा थर येतो. मध्ये हजारभर वर्षांची पोकळी.

प्रा. रामशरण शर्मा यांनी १९८७ मध्ये देशभरातल्या अशा उत्खननांचा आढावा घेऊन ‘नगरांचा ऱ्हास’ हा सिद्धांत मांडला : व्यापार आटला, नाणी आटली, शहरं ओस पडली आणि समाज जमिनीकडे वळला. युरोपसाठी बेल्जियमच्या आंरी पिरेन यांनी अर्धशतक आधी अशाच धर्तीची मांडणी केली होती. फक्त त्यांनी तुटीचा क्षण रोमच्या पडझडीत नव्हे, तर सातव्या शतकातल्या अरब विस्तारात पाहिला.

जमिनीकडे वळला म्हणजे नेमकं काय?

इथून पुढचा पुरावा दगडावर कमी आणि तांब्यावर जास्त. पुण्यात मिळालेला एक ताम्रपट इतिहासात ‘पुणे ताम्रपट’ म्हणूनच ओळखला जातो. तो वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी पतीच्या मृत्यूनंतर मुलाच्या वतीनं राज्य पाहत होती. नंदिवर्धनहून तिनं चनालस्वामी नावाच्या आचार्याला दंगुण हे गाव दान दिलं. काळ अंदाजे पाचव्या शतकाची सुरुवात, म्हणजे तिकडे अलॅरिक रोमच्या वेशीवर होता, साधारण तेव्हाच.

जुन्नरच्या दानलेखांशेजारी हा ताम्रपट ठेवला की फरक डोळ्यांत भरतो. आधी दान देणारा कासार, सोनार, धान्य व्यापारी, यवन, शक. आता दान देणारं राजघराणं. आधी दान म्हणजे टाकं, मंडप, व्याजावरची ठेव. आता दान म्हणजे अख्खं गाव. रोख रकमेची जागा महसुलाच्या हक्कानं घेतली. वाकाटकांची नाणी विदर्भात मिळाली आहेत, पण सातवाहनांच्या ढिगांपुढे ती मूठभरच.

वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाला कशातून सूट आहे, त्याची लांबलचक यादी असते. ती कंटाळवाणी वाटते म्हणून अनेक जण ओलांडून पुढे जातात. खरं तर सामान्य शेतकऱ्याची गोष्ट तिथेच आहे. या गावात राजाचे शिपाई शिरणार नाहीत. गावानं फुलं आणि दूध द्यायचं नाही. फिरत्या अधिकाऱ्यांना चारा, बसायला कातडी आणि कोळसा पुरवायचा नाही. मीठ खणण्याची मक्तेदारी इथे लागू नाही. सगळ्या विष्टीतून, म्हणजे वेठबिगारीतून, सूट.

आता हीच यादी उलटी वाचायची. ज्या गावाला सूट नव्हती, तिथे साहेब आले की दूध, चारा, कोळसा आणि फुकटची मेहनत द्यावीच लागत होती. आणि सूट मिळालेल्या गावातही देणं बंद झालं असं नाही; ते राजाऐवजी दान मिळालेल्या घराकडे वळलं.

याच काळात रोमन साम्राज्यात काय चाललं होतं? इ.स. ३३२ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहानं कायदा केला, की जमीन कसणारं कूळ पळून गेलं तर त्याला परत आणायचं आणि ज्यानं आसरा दिला त्यानं त्याचा करही भरायचा. कुळाला जमिनीला बांधण्याची ही सुरुवात. दहा लाखांच्या घरात गेलेली रोम शहराची वस्ती सहाव्या शतकात एक लाखाच्याही खूप खाली आली. नळ तुटले, धान्याची सरकारी जहाजं थांबली. टिकले ते जमिनीचे मालक, चर्च आणि मठ.

दोन्हीकडच्या गोष्टी जुळतात म्हणून त्या एकच होत्या असं मात्र नाही. इथल्या शेतकऱ्याला कायद्यानं जमिनीला जखडल्याचा तसा पुरावा नाही आणि इथे शेती पसरत होती. ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांच्यासारख्या इतिहासकारांनी शर्मांना नेमका हाच प्रश्न विचारला. जुनी शहरं बसली हे खरं, पण त्याच काळात नवी खेडी, नवी राज्यं आणि नवी तीर्थं उभी राहत होती. त्याला ऱ्हास कसं म्हणायचं?

महाराष्ट्रापुरतं उत्तर एका शिलालेखात आहे. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याचा ऐहोळे इथला लेख इ.स. ६३४ चा. त्यात तीन महाराष्ट्रकांचं वर्णन ९९ हजार गावांचा प्रदेश असं येतं. आकडा कवीचा आहे, जनगणनेचा नव्हे. तरी पाचशे वर्षांपूर्वी ग्रीक खलाशी या प्रदेशाची ओळख पैठण आणि तेर या दोन बाजारांनी करून देतो आणि सातव्या शतकात त्याचीच ओळख गावांच्या संख्येनं होते, हा बदल लहान नाही. महाळुंगे पडवळसारखी गावं ज्या महाराष्ट्राचा कणा मानली जातात, तो गावांचा महाराष्ट्र कागदोपत्री पहिल्यांदा ठळक होतो तो या काळात.

पुण्याचं नावही याच काळात कागदावर येतं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ.स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत ‘पुण्य’ आणि ‘पुनक’ विषयाचा, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचा, उल्लेख आहे. तळेगावला मिळालेल्या ७६८ च्या ताम्रपटात पुनक विषयातली गावं दान दिली आहेत. जुन्नर बाजारपेठ म्हणून वाढलं, तर पुण्याची पहिली ओळख महसुली खात्यातली.

व्यापार खरंच संपला होता का?

नाही. गिऱ्हाईक बदललं. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी, जो पुढे संन्यासी झाला, भारताच्या बंदरांची यादी देतो. त्यात ‘कल्लियाना’ आहे. तिथून पितळ, शिसवी लाकूड आणि कापड मिळतं आणि तिथे इराणहून नेमलेला ख्रिस्ती बिशप असतो, असं तो लिहितो. अनेक अभ्यासक हे कल्याणच मानतात. बिशप इराणहून येतो ही बारीक गोष्ट बोलकी आहे. समुद्राची सूत्रं लाल समुद्राकडून इराणच्या आखाताकडे सरकली होती.

खापरांनीही हेच सांगितलं. पश्चिम भारतात सापडलेले निमुळत्या बुडाचे मोठे कुंभ पूर्वी सरसकट रोमन दारूचे मानले जात. रोबर्टा टॉम्बर यांच्यासारख्या तज्ज्ञांनी माती तपासली, तेव्हा त्यांतले बरेच मेसोपोटेमियात बनलेले निघाले. असे कुंभ रोमनंतरही शतकानुशतकं येत राहिले. म्हणजे ‘रोमन’ लेबल लावलेला पुरावाच काही ठिकाणी रोमनंतरच्या व्यापाराचा होता.

कान्हेरीला तर नवव्या शतकातही लेख कोरले जात होते. गौड देशातून, म्हणजे बंगालच्या बाजूनं आलेल्या अविघ्नाकर नावाच्या माणसानं तिथे १०० द्रम्म ठेवले. द्रम्म हा शब्द ग्रीक ‘द्राख्मा’वरून आला आणि त्याचंच पुढे ‘दाम’ झालं. यवन गेले, पण त्यांच्या नाण्याचं नाव आपल्या बोलण्यात राहिलं.

किनारा जिवंत होता; मग जुन्नर मागे का पडलं? याचं उत्तर बहुधा त्याच्या जागेतच आहे. बंदराला गिऱ्हाईक बदलता येतं. जहाज रोमचं आलं काय आणि इराणचं आलं काय, धक्का तोच. घाटमाथ्यावरच्या शहराचं तसं नसतं. त्याच्यामागे पैठणसारखी श्रीमंत राजधानी हवी, पुढे खुलं बंदर हवं आणि मधला रस्ता सुरक्षित हवा. तिन्हींपैकी दोन गोष्टी तुटल्या की घाट नुसता घाट उरतो. वाकाटकांचं केंद्र विदर्भात, चालुक्यांचं कर्नाटकात. जुन्नर कोणाच्याच मुख्य वाटेवर राहिलं नाही.

‘जुन्नर’ हे नाव जीर्णनगर किंवा जुनं नगर यावरून आलं, असं सांगितलं जातं. व्युत्पत्ती खरी असेल, तर हे नाव शहर भरात असतानाचं असू शकत नाही. मागाहून आलेल्या लोकांनी पडक्या वैभवाकडे पाहून ते दिलेलं असणार.

रिकाम्या जागांचं काय झालं?

त्या पुन्हा वापरात आल्या. लेण्याद्रीचं सातव्या क्रमांकाचं लेणं मुळात बौद्ध विहार. आज तिथे अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं त्रिविक्रम मंदिर मुळात विटांचं चैत्यगृह असावं, असं त्याच्या बांधणीवरून मानलं जातं. रोममध्ये सर्व देवांचं मंदिर असलेलं पँथिऑन इ.स. ६०९ मध्ये चर्च झालं आणि म्हणूनच ते आजही छतासकट उभं आहे. वापरात राहिलेली इमारत टिकते, हे पुरातत्त्वातलं जुनं निरीक्षण आहे. मानमोडीच्या ओस पडलेल्या लेण्यांत पावसाळ्यात झिरपणारं पाणी पाहिलं की ते लगेच पटतं.

दरम्यान, डोंगरांच्या पोटात वेगळंच जग उभं राहत होतं. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या झंझ राजानं शिवाची बारा मंदिरं बांधली, असं शिलाहारांच्या ताम्रपटात आहे. ती बारा नद्यांच्या उगमांवर होती आणि कुकडीच्या उगमाजवळचं, पूर गावचं कुकडेश्वर त्यांपैकी एक, असं परिसरात मानलं जातं. लेण्यांना व्यापारी रस्त्याचा शेजार हवा होता. ही मंदिरं नदीच्या, पर्यायानं शेतीच्या, उगमाशी बसली.

आणि या झंझाचं नाव कोणी टिपून ठेवलं? अल-मसुदी या बगदादच्या प्रवाशानं. इ.स. ९१६ मध्ये तो सैमूरला, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला आला होता. तिथे सुमारे १० हजार मुस्लीम राहतात, ओमान, बसरा, बगदादहून आलेले व्यापारी त्यांत आहेत आणि राजाचं नाव झंझ आहे, असं त्यानं लिहिलं. रोमला जाऊन तेव्हा साडेचारशे वर्षं झाली होती. चौलच्या धक्क्यावर मात्र बोटी लागत होत्या.

जुन्नरला जाणाऱ्यांसाठी : लेण्याद्रीला पायऱ्या चढून गेलं, की गणपतीच्या लेण्याशेजारीच, सहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर, कल्याणच्या सुलसदत्ताचा लेख आहे. दर्शनाच्या रांगेतून बाहेर पडून दोन मिनिटं थांबलं तर अक्षरं नुसत्या डोळ्यांनी दिसतात.